गृहकर्जासोबत गळ्यात मारलेला विमा: प्रीमियम परत कसा मागायचा

गृहकर्जाचा खातेउतारा बहुतेक जण नीट बघतात तो पहिला हप्ता कापला गेल्यावर. कर्ज मागितलं होतं ४० लाख आणि उताऱ्यावर येणं दिसतं ४१ लाख ५० हजार. जरा वर सरकलं की दोन डिसबर्समेंट, म्हणजे कर्जातून दिलेल्या दोन रकमा, सापडतात. एक बिल्डरच्या नावे, दुसरं त्याच दिवशी एका विमा कंपनीच्या नावे. शाखेत विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "तो लोन प्रोटेक्शनचा प्रीमियम आहे सर, कंपल्सरी असतो."

तो कंपल्सरी नसतो. बँकेच्या ग्राहकाने विमा घ्यायचा की नाही हे पूर्णपणे त्याच्या मर्जीवर असावं आणि अमुक कंपनीचाच विमा घ्या अशी सक्ती करू नये, असं रिझर्व्ह बँकेच्या सूचनांत स्पष्ट आहे. तारण ठेवलेल्या घराचा आगीचा, भूकंपाचा विमा मात्र बँक करारात मागू शकते. त्यावर वाद घालत बसू नका, फार तर कंपनी आपल्या पसंतीची निवडा. हा लेख आहे कर्जदाराच्या जिवावर काढलेल्या, एकरकमी प्रीमियमच्या आणि तो प्रीमियमही कर्जातच मिसळलेल्या विम्याबद्दल.

दीड लाखांचा हा प्रीमियम तुम्हाला दीड लाखात पडत नाही. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर तेवढ्या रकमेचा हप्ता महिन्याला साधारण १,३०२ रुपये येतो. वीस वर्षांत ते सुमारे ३ लाख १२ हजार होतात. शिवाय हे विमाछत्र बरेचदा कर्जाबरोबर आटत जाणारं असतं आणि कधीकधी त्याची मुदत कर्जापेक्षा कितीतरी कमी असते. कर्ज वीस वर्षांचं, विमा पाच वर्षांचा, आणि प्रीमियमवरचं व्याज मात्र पूर्ण वीस वर्षं.

कमिशनवर भांडावं का?

बँक हे सगळं का करते, ते उघड आहे. ती विमा कंपनीची कॉर्पोरेट एजंट असते आणि तिला कमिशन मिळतं. १ एप्रिल २०२३ पासून विमा नियामक 'इर्डाई'ने प्रत्येक प्रकारच्या पॉलिसीवर असलेली कमिशनची वेगवेगळी कमाल मर्यादा काढून टाकली. आता विमा कंपनीच्या एकूण व्यवस्थापन खर्चाच्या मर्यादेत बसेल ते कमिशन ती देऊ शकते. तुमच्या प्रीमियममधला किती हिस्सा बँकेकडे गेला, हे पॉलिसीच्या कागदावर शोधून सापडत नाही.

ब्रिटनमध्ये नेमक्या याच मुद्द्यावर मोठी लढाई झाली. तिथे कर्जासोबत विकल्या जाणाऱ्या अशा विम्याला 'पीपीआय' म्हणत. २०१४ मध्ये प्लेव्हिन विरुद्ध पॅरागॉन पर्सनल फायनान्स या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयासमोर ५,७८० पौंडांचा प्रीमियम होता आणि त्यातले ७१.८ टक्के निव्वळ कमिशन होतं. एवढं मोठं कमिशन ग्राहकापासून लपवणं म्हणजे कर्जदार आणि धनको यांच्यातलं नातंच अन्याय्य ठरवणं, असं न्यायालयाने १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्याच्या आधारे म्हटलं. पुढे तिथल्या नियामकाने नियम केला की न सांगितलेलं कमिशन प्रीमियमच्या निम्म्याहून जास्त असेल, तर वरचा भाग व्याजासह परत करायचा. त्या तक्रारींची मुदत २९ ऑगस्ट २०१९ ला संपली. त्यामुळे लंडन-लेस्टरला नोकरी करून परतलेल्यांना आजही कुणी "तुमचे पीपीआयचे पैसे काढून देतो, आधी फी भरा" म्हणत असेल, तर फी भरू नका.

आपल्याकडे असा नियम नाही. कमिशन सांगितलं नाही एवढ्याच कारणावरून पैसे परत मिळतील, ही आशा धरून तक्रार लिहिली तर ती पहिल्याच टेबलावर बसते. आपल्याकडचा नियम असा की ग्राहकाने विचारलं तर कॉर्पोरेट एजंटने त्या पॉलिसीवरचा कमिशनचा दर सांगायला हवा. म्हणून कमिशनचा प्रश्न जरूर विचारायचा, पण तो साक्षीपुराव्यासारखा वापरायचा. तक्रारीचा कणा दुसराच हवा: मी संमती दिली नव्हती, किंवा संमती घेतली ती सक्तीने किंवा खोटं सांगून. आणि खर्च आधी उघड केला नव्हता. हे नीट मांडलेलं अर्धं पानही, दोन पानी संतापापेक्षा जास्त काम करतं.

आधी कागद गोळा करा

तक्रार लिहायला घाई करू नका, पण कागद मागायला उशीरही करू नका. बँकेकडून लेखी मागा: मंजुरीपत्र, सही केलेला कर्जकरार, खातेउतारा, विम्याचा सही केलेला प्रस्ताव अर्ज आणि संमतिपत्र. विमा कंपनीकडून मागा: सर्टिफिकेट ऑफ इन्शुरन्स, पॉलिसीच्या अटी, आणि ती तुम्हाला केव्हा, कशी पाठवली याचा पुरावा. ही बहुधा गटविम्याची पॉलिसी असते. मास्टर पॉलिसी बँकेच्या नावे असते आणि तुम्ही फक्त सदस्य असता. त्यामुळे पुष्कळांच्या हातात पॉलिसी कधी पडतच नाही. ईमेलच्या स्पॅममध्ये शोधा, डिजीलॉकरमध्ये शोधा.

१ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतर मंजूर झालेलं कर्ज असेल, तर एक कागद सगळ्यांत मोलाचा: की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे केएफएस. रिझर्व्ह बँकेने १५ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकाने तो सर्व किरकोळ कर्जांना लागू केला. त्यात वार्षिक टक्केवारी दर, म्हणजे व्याज आणि इतर खर्च धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांनी पडतं तो आकडा, द्यावा लागतो आणि बँक दुसऱ्यासाठी वसूल करते तो खर्च, उदाहरणार्थ विमा, त्या दरात धरून वेगळा दाखवावा लागतो. केएफएसमध्ये न दाखवलेला कुठलाही आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. केएफएस उघडा आणि विम्याची ओळ शोधा. ओळच नसेल तर तुमची बाजू भक्कम. ओळ असेल पण रक्कम वेगळी असेल तरी चांगली. ओळ आणि रक्कम दोन्ही बरोबर असतील, तर "मला माहीतच नव्हतं" हे म्हणणं सोडा आणि सक्तीच्या मुद्द्यावर या.

प्रस्ताव अर्ज हातात आला की सहीपेक्षा अक्षराकडे बघा. उंची, वजन, वार्षिक उत्पन्न, "मधुमेह आहे का" समोरचं "नाही" हे सगळं कुणाच्या हातचं आहे? बरेचदा सही तुमची आणि बाकी अक्षर बँकेच्या माणसाचं असतं. नॉमिनीचं नाव चुकलेलं असतं, क्वचित जन्मतारीखही. ज्याला विमा समजावून सांगितला त्याच्या अर्जात बायकोचं नाव चुकत नाही. अशा विसंगतींवर पेन्सिलीने खूण करून ठेवा, तक्रारीत एकेक ओळ लागेल. आरोग्याची माहिती चुकीची असेल तर ते आणखी गंभीर, कारण उद्या दावा करायची वेळ आली तर कंपनी त्याच ओळीवर बोट ठेवेल.

संमती ओटीपीने घेतली असं बँक म्हणाली, तर तो ओटीपी कुठल्या मजकुरासाठी होता ते विचारा. कर्जाच्या कागदांसाठी आलेला ओटीपी विम्यासाठी वापरला गेल्याची तक्रार नवीन नाही. मेसेज डिलीट करू नका, त्यात काय लिहिलंय ते फार कामाचं असतं. विमा कंपनीने पडताळणीचा फोन केला असेल तर त्याचं रेकॉर्डिंग मागा. बँकेचा माणूस बरेचदा शेजारी बसून "सगळ्याला हो म्हणा, नाहीतर चेक अडकेल" असं सांगत असतो, आणि ते वाक्य रेकॉर्डिंगमध्ये येत नाही. म्हणून त्याचा व्हॉट्सॲप मेसेज असेल तर जपून ठेवा. "इन्शुरन्सशिवाय फाइल पुढे जाणार नाही" एवढी एक ओळ लेखी मिळाली तरी पुष्कळ.

बँक सरकारी असेल तर माहिती अधिकाराचा मार्गही मोकळा आहे. १० रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. आपल्या कर्जफाइलच्या प्रती त्यातून मागता येतात. खासगी बँकांना हा कायदा लागू नाही.

पॉलिसी मिळून ३० दिवस झाले नसतील तर

मग हा लेख अर्ध्यावर सोडून आधी पत्र लिहा. आयुर्विम्याला फ्री लूक मुदत असते. इर्डाईच्या २०२४ च्या विनियमांनुसार ती पॉलिसीचा कागद मिळाल्यापासून ३० दिवसांची आहे. त्या काळात पॉलिसी परत केली की कंपनी जितके दिवस जोखीम सांभाळली त्याचा हिस्सा, वैद्यकीय तपासणीचा खर्च आणि मुद्रांक शुल्क कापून बाकी रक्कम परत देते. इथे फसवणूक सिद्ध करायची गरज पडत नाही.

अर्ज विमा कंपनीला थेट द्यायचा, बँकेला प्रत. शाखेतला माणूस "आम्ही वर पाठवतो" म्हणेल. पाठवू दे, पण तुमचा ईमेल कंपनीच्या ग्राहकसेवेला त्याच दिवशी गेलेला असावा. "पुढच्या महिन्यात या, साहेब रजेवर आहेत" हे वाक्य ऐकलं की समजा, तीस दिवस उलटायची वाट बघितली जातेय. मुदत पॉलिसी मिळाल्यापासून मोजतात, प्रीमियम कापल्यापासून नाही. तीन महिन्यांनी पॉलिसी हाती आली असेल तर कुरिअरचं पाकीट किंवा ईमेलची तारीख ठेवा.

एक सावधगिरी मात्र हवीच. विमा रद्द झाला की छत्र गेलं. घरात कमावणारे तुम्ही एकटे असाल तर आधी स्वतंत्र टर्म पॉलिसी काढा, ती सुरू झाली की ही रद्द करा. आणि मधुमेह, हृदयविकार किंवा वयामुळे बाहेर टर्म पॉलिसी मिळणारच नसेल, तर भांडण जिंकण्यापेक्षा हा महागडा विमा ठेवणं शहाणपणाचं. फक्त अर्जातली आरोग्याची माहिती लेखी कळवून दुरुस्त करून घ्या.

मुदत उलटून गेली असेल तर

आता तक्रार करावी लागेल, आणि ती दोघांकडे. पैसे विमा कंपनीकडे आहेत, वागणूक बँकेची आहे. एकाकडेच तक्रार केली की तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो, म्हणून एकाच दिवशी दोघांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ईमेल करा. शाखेत पत्र दिलं तर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घ्या. मजकूर साधारण असा:

"माझ्या गृहकर्ज खाते क्रमांक … मधून दिनांक … रोजी रु. … एवढा विमा प्रीमियम भरला गेला. हा विमा ऐच्छिक असल्याचं मला सांगितलं नव्हतं. तो घेतल्याशिवाय कर्ज वितरित होणार नाही, असं … यांनी सांगितलं. केएफएसमध्ये ही रक्कम दाखवलेली नाही. प्रस्ताव अर्जातील पुढील माहिती मी भरलेली नाही: … . कृपया पॉलिसी सुरुवातीपासून रद्द करून पूर्ण प्रीमियम माझ्या कर्जखात्यात परत जमा करावा आणि त्या रकमेवर आजवर आकारलेलं व्याजही परत करावं. माझ्या संमतीचा पुरावा, पडताळणी फोनचं रेकॉर्डिंग आणि या पॉलिसीवर बँकेला मिळालेल्या कमिशनचा दर कळवावा."

जे तुमच्या बाबतीत खरं नाही ते वाक्य काढून टाका. "सुरुवातीपासून रद्द" हे शब्द मात्र सोडू नका. ते नसले तर कंपनी तुमचा अर्ज साधा सरेंडर, म्हणजे पॉलिसी मुदतीआधी मोडणं, समजून पॉलिसीतल्या सूत्राप्रमाणे उरलेल्या मुदतीचा काही हिस्सा हातावर ठेवते. बँकेने "सरेंडर फॉर्म भरा, लवकर होईल" असं सुचवलं तर तो फॉर्म भरू नका. भरलात की वाद मिटला असं दाखवायला तिला कागद मिळतो.

कमिशनचं उत्तर बहुधा येत नाही. आलं नाही हेही पुढे सांगण्यासारखं असतं. बँकेला विमाविक्रीतून वर्षाला एकूण किती उत्पन्न मिळालं ते तिच्या वार्षिक अहवालात, ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावं लागतं. त्या आकड्याने तुमचा वैयक्तिक दावा सिद्ध होत नाही, पण सुनावणीत "आमचा यात काही फायदा नाही" असं बँकेचा प्रतिनिधी म्हणाला तर तो जवळ असलेला बरा.

विमा कंपनीकडून दोन आठवड्यांत समाधान झालं नाही तर इर्डाईच्या 'बीमा भरोसा' पोर्टलवर तक्रार टाका, किंवा १५५२५५ वर फोन करा. इर्डाई स्वतः निवाडा देत नाही, तक्रार कंपनीकडे ढकलून तिच्यावर लक्ष ठेवते. तरी एका टोकन नंबराने कंपनीची भाषा बदलते, असा बऱ्याच जणांचा अनुभव आहे.

लोकपाल: कोणाकडे काय

विमा कंपनीने नकार दिला, किंवा महिना उलटूनही उत्तर दिलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे कोर्टाबाहेर ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. नकारापासून एका वर्षाच्या आत जायचं. फी नाही, वकील लागत नाही, आणलेला चालतही नाही. मुंबई आणि पुण्यात कार्यालयं आहेत. आपला जिल्हा कोणाकडे येतो ते विमा लोकपाल परिषदेच्या संकेतस्थळावर बघा, तिथेच ऑनलाइन तक्रारही करता येते. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. पटला नाही तर पुढचा रस्ता उघडा राहतो.

सुनावणी छोटी असते. कंपनीचा माणूस सही दाखवतो, फोनचं रेकॉर्डिंग ऐकवतो. तुम्ही क्रम सांगा: मंजुरी कधी, बिल्डरचं डिमांड लेटर कधी, रजिस्ट्रेशनची तारीख कोणती आणि विम्याचा कागद त्यात कुठे आला. रजिस्ट्रेशनच्या आदल्या दिवशी संध्याकाळी समोर आलेल्या कागदावर माणूस का सही करतो, हे समजायला लोकपालांना फार वेळ लागत नाही. तारखा पुराव्यासह मांडल्या तर.

बँकेविरुद्धची तक्रार मात्र रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही, की रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर अर्ज करता येतो. मदतीला १४४४८ हा क्रमांक. विमा किंवा म्युच्युअल फंडाच्या चुकीच्या विक्रीबद्दलच्या बँकांवरच्या तक्रारी लोकपाल २०१७ पासून ऐकतात. इथे मागणी बँकेच्या वागण्याबद्दल लिहायची: सक्ती, केएफएसमधली गफलत, प्रीमियमवर लावलेलं व्याज. पॉलिसीच्या अटींचा कीस काढला तर "हे विमा कंपनीचं, इथे नाही" असं उत्तर येतं.

कर्ज बँकेचं नसून गृहवित्त कंपनीचं असेल तर रिझर्व्ह बँकेच्या या लोकपाल योजनेत ती बसत नाही. तिची तक्रार नॅशनल हाउसिंग बँकेच्या 'ग्रिड्स' पोर्टलवर. इथे बरेच जण चुकतात, कारण नावं सारखीच असतात आणि एकाच गटाची बँकही असते, गृहवित्त कंपनीही असते. मंजुरीपत्राच्या डोक्यावर नेमकं नाव कोणाचं आहे ते बघा.

ग्राहक आयोग हा शेवटचा दरवाजा. एक वस्तू किंवा सेवा देताना दुसरी घेण्याची अट घालणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निर्बंधक व्यापारी प्रथा आहे, आणि कर्जाला बांधलेला विमा त्यात चपखल बसतो. बँक आणि विमा कंपनी दोघांना एकाच तक्रारीत प्रतिवादी करता येतं. लोकपालांकडे ही सोय नाही, हा आयोगाचा मोठा फायदा. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी नाही, अर्ज 'ई-जागृती' पोर्टलवर. तोटा वेळेचा, तारखा पडत राहतात. आणि मुदत दोन वर्षांची आहे. लोकपालांच्या निकालाची वाट बघता बघता ती निसटू देऊ नका. मात्र आयोगात एकदा प्रकरण घातलं की त्याच विषयावर लोकपाल हात घालत नाहीत, म्हणून क्रम आधी ठरवा. माझं मत विचाराल तर रक्कम लाख-दोन लाख असेल तोवर आधी लोकपाल.

कर्ज आधीच फिटलं असेल तर

कर्ज मुदतीआधी फेडलं किंवा दुसऱ्या बँकेत हलवलं, तर एकरकमी प्रीमियमचा न वापरलेला भाग मागता येतो का, ते सर्टिफिकेटच्या अटींत लिहिलेलं असतं. बहुतेक योजनांत सरेंडर किंमत असते, काहींत कर्ज संपलं तरी छत्र मुदतीपर्यंत चालू ठेवण्याचा पर्याय असतो. बँक हे आपण होऊन क्वचितच सांगते. एनओसी आणि मूळ दस्त घ्यायला जाल त्याच दिवशी सरेंडरचा अर्जही द्या. इथे सरेंडर फॉर्म भरायला हरकत नाही, जर विक्रीबद्दल तुमची तक्रार नसेल.

पैसे आल्यावर

परतावा बरेचदा मास्टर पॉलिसीधारक म्हणून बँकेकडे जातो आणि कर्जखात्यात जमा होतो. तो मुद्दलातून वजा झाला की नुसताच पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरला, हे उताऱ्यात तपासा. दुसरं झालं असेल तर लेखी हरकत घ्या. फ्लोटिंग दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड नसतो, त्यामुळे "पार्ट पेमेंट चार्ज" म्हणून काही कापलं असेल तर तेही परत मागा. मग हप्त्यांचं नवं वेळापत्रक मागून घ्या. त्यात हप्ता तरी कमी झालेला दिसला पाहिजे, नाहीतर मुदत.

जीएसटी परत आला का तेही बघा. गटविम्याच्या प्रीमियमवर १८ टक्के कर असतो, आणि परताव्याच्या हिशोबातून नेमका तोच गळतो. जुन्या करपद्धतीत या प्रीमियमवर ८०सीची वजावट घेतली असेल आणि एकरकमी पॉलिसी दोन वर्षांच्या आत रद्द झाली, तर ती वजावट उलटते आणि तेवढी रक्कम रद्द झाली त्या वर्षाच्या उत्पन्नात धरली जाते. विवरणपत्र भरताना सीएला हे आठवणीने सांगा.